बाबा, वणवा आणि सव्वा तोळ्याचा पक्षी

आई-बाबा यंदा मेच्या सुरुवातीला आमच्याकडे आले. आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाहेर नोव्हायला. नायगारा, शिकागो वगैरे मागच्या खेपेला झालेलं, मॉलमध्ये बाबांचा जीव रमत नाही, आणि मला गेली चार वर्षं एक पक्षी बघायला जायचं होतं ते काही ना काही कारणानं राहतच होतं. कर्टलँड्स वॉर्बलर. हा पक्षी जगात जिथे घरटी करतो त्यातला जवळजवळ सगळा भाग आमच्याच राज्यात आहे, घरापासून तीन तासांवर, आणि मी तो बघितलेला नाही हे मला सारखं टोचायचं. बाबांना विचारलं, याल का? बाबा पाटण-कोयना भागात वनखात्यात चौतीस वर्षं काढून वनपाल म्हणून रिटायर झालेत. त्यांनी एकच विचारलं, "रान कसलं आहे?" म्हटलं जॅक पाइनचं, वाळूतलं, आणि ते रान आगीवर जगतं. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "आगीवर म्हणजे?" म्हटलं, तिथं गेल्यावर बघू.

मग शुक्रवार ते सोमवार असा बेत ठरला. आधी दक्षिणेला ओहायोत मॅगी मार्शला जायचं, कारण मेच्या मधल्या आठवड्यात तिथे वॉर्बलरांची जत्रा असते, आणि तिथून उलटं वर ग्रेलिंगला, या पक्ष्याच्या रानात. मुलाच्या शाळेला दोन दिवस दांडी, नवऱ्याला ऑफिसमुळे जमणार नव्हतं, म्हणून मी, आई, बाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा. आईनं आदल्या रात्री दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मोठा डबाभर चिवडा करून ठेवला होता.

दिवस पहिला, शुक्रवार

पहाटे साडेचारला निघालो. टोलेडो ओलांडून ईरी तलावाच्या काठाकाठाने रस्ता जातो, सपाट शेतं, मध्येच पाणथळ, आणि लांबूनच त्या अणुवीज केंद्राचा कूलिंग टॉवर दिसायला लागतो, तो दिसला की समजायचं मॅगी मार्श आलं. पावणेसातला पोचलो तर पार्किंग निम्मं भरलेलं.

इथे इतके पक्षी का जमतात ते गाडीतच मुलाला सांगत होते. हे पक्षी दक्षिण अमेरिका, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं अशा ठिकाणी हिवाळा काढून कॅनडाकडे निघालेले असतात, प्रवास सगळा रात्रीचा, आणि उत्तरेकडे जाताना समोर अचानक ईरी तलाव येतो. एवढं पाणी ओलांडायच्या आधी काठावर जे काही थोडंसं झाड-झुडूप उरलंय त्यात उतरून खाऊन घ्यायचं, दम घ्यायचा. एकेकाळी हा सगळा भाग ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाची मोठी दलदल होती, ती चर काढून वाळवली आणि शेतं केली, त्यामुळे आता सगळी गर्दी या उरलेल्या चिमटीएवढ्या रानात. त्यातून लाकडी बोर्डवॉक काढलाय. आणि दमलेले पक्षी माणसाला जुमानत नाहीत, अगदी हाताच्या अंतरावर येऊन अळ्या टिपत असतात.

आपल्याकडे हिवाळ्यात येणारे वटवट्ये आठवा, सगळे हिरवट-तपकिरी, ओळखता ओळखता डोळे दुखतात. त्यांनाही इंग्रजीत वॉर्बलरच म्हणतात पण हे अमेरिकेतले वुड वॉर्बलर म्हणजे वेगळंच कुळ, शंभराच्या वर जाती, फक्त याच दोन खंडांत, आणि रंग असे की रांगोळीचे डबे उघडे ठेवलेत. मॅग्नोलिया वॉर्बलर, पिवळ्यावर काळ्या गळ्यातल्यासारख्या रेघा. चेस्टनट-साइडेड, डोक्यावर लिंबाची साल. काळा-पांढरा वॉर्बलर, खोडावर खालीवर सरपटणारा. प्रोथोनोटरी तर पाण्यावर वाकलेल्या फांदीत हळदीच्या गोळ्यासारखा बसला होता, तो इथेच ढोलीत घरटं करतो. मुलगा वहीत टिपत होता, दुपारपर्यंत एकोणीस प्रकारचे वॉर्बलर झाले.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालंय, तिला इतकं स्पष्ट दिसतंय याचाच तिला आनंद. बोर्डवॉकच्या एका वळणावर विलोच्या फांदीत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, ब्लॅकबर्नियन वॉर्बलर आला. काळा-पांढरा अंगरखा आणि गळा असा केशरी की आतून उजेड लावलाय असं वाटावं. आई पुटपुटली, "अगं, हा तर फुंकर घातलेला निखारा." बाजूला एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, त्यांनी विचारलं त्या काय म्हणाल्या, मी सांगितलं, त्यांनी दोनदा मान हलवली आणि आईच्या हातावर हात ठेवला.

तो गात होता. त्याचं गाणं शेवटी इतकं बारीक, इतकं वर जातं की टाचणीचं टोक. बाबांनी कानामागे हात धरला, पुढे वाकले, मला म्हणाले, "चोच हलतेय. आवाज येत नाही." मुलगा म्हणाला आजोबा, आत्ता, आत्ता गायला बघा. बाबांनी मान हलवली. मग पुढच्या प्रत्येक पक्ष्याला ते मुलाला विचारायला लागले, गातोय का, कसा गातोय, आणि मुलगा तोंडानं करून दाखवायचा. ज्या माणसानं मला लहानपणी अंगणात बसवून आवाजावरून पक्षी ओळखायला शिकवलं, तांबट कुठला आणि कुटुर्गा कुठला, स्वर्गीय नर्तक ओरडला की कसा खरखरतो, त्यांना आता वरचे सूर ऐकू येत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. वयोमानानं वरचे सूर आधी जातात हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि वडलांना कानामागे हात धरून उभं बघणं यात फार फरक आहे. दुपारी तलावाच्या काठावर दशमी खाताना ते गप्पच होते.

दिवस दुसरा, शनिवार

रात्रभर पाऊस. टोलेडोच्या मोटेलमधून नऊला निघालो आणि आय-सेव्हन्टीफाइव्ह धरून सरळ वर. वाटेत फार काही नाही, फ्लिंट, सॅगिनॉ, पेट्रोल, कॉफी. पण गाडीतल्या गप्पा छान झाल्या म्हणून त्या लिहिते.

आदल्या दिवशी आम्ही जिथे होतो तिथून काठाकाठाने पूर्वेला गेलं की क्लीव्हलँड लागतं. तिथे जेर्ड कर्टलँड नावाचे एक डॉक्टर होते, निसर्गाचा नाद असलेले, १८५१ च्या मेमध्ये त्यांच्या शेतावर हा पक्षी मिळाला आणि त्यांचं नाव त्याला पडलं. पण तो वाटसरू होता, कुठून आला आणि कुठे निघालाय कोणालाच ठाऊक नाही. १८७९ साली कळलं की हा हिवाळ्यात बहामा बेटांवर असतो. घरटं मात्र सापडलं थेट १९०३ साली, ऑ सेबल नदीच्या बाजूला ऑस्कोडा काउंटीत. म्हणजे पहिल्यांदा मिळाल्यापासून बावन्न वर्षं हा पक्षी दरवर्षी याच राज्यात पिल्लं वाढवत होता आणि शोधणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

बाबांनी विचारलं किती आहेत. मला आकडे तोंडपाठ. १९५१ मध्ये पहिल्यांदा मोजले, गाणारे नर मोजायचे ही पद्धत, ४३२ भरले. दहा वर्षांनी ५०२. १९७१ ला मोजले तर २०१. आणि १९७४ ला १६७, १९८७ ला परत १६७. अख्ख्या जगात १६७ गाणारे नर. आई म्हणाली, आपल्या गल्लीत तेवढी माणसं आहेत.

कशानं कमी झाले? दोन गोष्टी. एक आग, ते उद्यावर ठेवलं. दुसरी काउबर्ड. हा पक्षी कोकिळेसारखा, घरटं करत नाही, दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो. मूळचा पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशातला, बायसनच्या कळपामागे फिरणारा. एकोणिसाव्या शतकात मिशिगनची जंगलं तोडून शेतं, कुरणं झाली तशी त्याला वाट मोकळी झाली आणि तो इथे शिरला. १९७० च्या आसपास कर्टलँडच्या शंभरातल्या सत्तर घरट्यांत काउबर्डचं अंडं असायचं, आणि त्याचं पिल्लू मोठं, आधी फुटणारं, सगळा चारा तेच खाणार. आई म्हणाली, "पण कोकिळेनं कावळा कधी संपवला नाही." किती बरोबर बोलली. कावळा आणि कोकिळा कितीतरी काळ एकमेकांशेजारी राहताहेत, इथे पाहुणा नवा आणि यजमानाला डाव माहीत नाही. १९७२ पासून मोठे पिंजरे लावून काउबर्ड पकडायला आणि मारायला सुरुवात केली, घरट्यांवरचा हा हल्ला लगेच खाली आला. दर वर्षी, दर उन्हाळा, चाळीसेक वर्षं. अलीकडे फारशी अंडी सापडत नाहीत म्हणून पिंजरे थांबवलेत, पण लक्ष ठेवून असतात.

ग्रेलिंग जवळ आलं तशी माती बदलली, रस्त्याच्या कडेला पांढुरकी वाळू, झाडं खुरटी, काटक. ग्रेलिंग हे नाव इथल्या नदीतल्या माशावरून, तो मासा मात्र इथून कधीच नाहीसा झालाय. संध्याकाळी पाच अंश, मे महिन्यात! बाबांनी माकडटोपी काढली. मोटेलमध्ये किटली होती, चहा झाला, झोपलो.

दिवस तिसरा, रविवार

सकाळी सातला हार्टविक पाइन्स स्टेट पार्कच्या सेंटरपाशी जमायचं होतं, गाइडबरोबर जायची टूर बुक केली होती. एकट्यानं जाता येतं पण घरट्यांच्या भागात बऱ्याच ठिकाणी या दिवसांत आत शिरायला बंदी असते, रस्त्यावरूनच बघायचं, आणि मोबाइलवर गाणं वाजवून पक्ष्याला बोलवायचं तर अजिबातच नाही. मला हे नियम आवडतात. गाइड एक तरुण मुलगी, कॉलेज नुकतंच संपलेलं, आम्ही मिळून बारा-तेरा जण, गाड्यांची रांग करून तिच्यामागे.

पंधरावीस मिनिटांत थांबलो. खाली उतरल्यावर पहिलं वाटलं की चुकून नर्सरीत आलोय. चहूबाजूंनी माणसापेक्षा थोडी उंच पाइनची झाडं, दाट, खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या, मध्येमध्ये मोकळ्या जागा, त्यात गवत, ब्लूबेरीची झुडपं, आणि गवताच्या पात्यांवर हिम. बाबा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, मूठभर माती उचलली, बोटांतून सोडली. "नुसती वाळू. पाणी टिकत नसणार."

गाइडनं नेमकं तेच सांगितलं आणि मी भाषांतर करत गेले. कर्टलँड घरटं जमिनीवर करतो, गवतात, पाइनच्या टेकलेल्या फांदीखाली. वाळू असली तर पावसाचं पाणी लगेच मुरतं, घरटं बुडत नाही. आणि झाड साधारण पाच ते वीस वर्षांचंच पाहिजे. त्याहून मोठं झालं की खालच्या फांद्या उन्हाअभावी वाळून गळतात, आडोसा जातो, पक्षी ते रान सोडतो. म्हणजे याला म्हातारं जंगल चालत नाही. याला सतत नवं, कोवळं रान लागतं, आणि तेही शंभर-दोनशे एकर सलग.

मग तिनं पिशवीतून जॅक पाइनची शंकूफळं काढून सगळ्यांना एकेक दिली. बाबांच्या तळहातावरचं मी नीट बघितलं. बोटाच्या दोन पेरांएवढं, एका बाजूला वाकलेलं, राखाडी, दगडासारखं घट्ट. खवले एकमेकांना असे चिकटलेले की नख शिरत नाही, वर डिंकाचा लाखेसारखा थर. असं फळ झाडावर वर्षानुवर्षं बंदच राहतं, आत बिया जिवंत. आग आली, पन्नास अंशांच्या आसपास तापलं, की डिंक वितळतो, खवले उघडतात, आणि आग विझल्यावर राख पसरलेल्या मोकळ्या वाळूवर बिया पडतात. वरचं सगळं जळून गेलेलं, ऊन मोकळं, स्पर्धा नाही. पूर्वी विजेनं आगी लागायच्या, रान जळायचं, पाच-सहा वर्षांत कोवळं रान उभं राहायचं, तोवर दुसरीकडे जळायचं, आणि हा पक्षी एका जळितातून दुसऱ्या जळितात सरकत राहायचा. मग माणसानं आगी विझवायला सुरुवात केली, अगदी मनापासून आणि चांगल्या हेतूनं, आणि कोवळं रान तयार होणंच थांबलं.

बाबा ते फळ हातात फिरवत होते. त्यांच्या उजव्या कोपराखाली भाजल्याचा एक लांबट डाग आहे, मी पाचवीत असताना मार्चमधल्या वणव्यातला. फेब्रुवारी लागला की आमच्या घरात बाबा रात्रीचे नसायचेच. डोंगराला लाल रेघ दिसली की निघायचे, ओल्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून आग मारायची, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, आधीच काढून ठेवलेल्या असल्या तर बरं, नाहीतर पहाटेपर्यंत. गवत चांगलं येतं म्हणून लोक पेटवतात आणि मग करवंदीच्या जाळ्या, जमिनीवरची घरटी, सरडे, रोपं, सगळं जातं. त्या माणसाला मी सांगत होते की इथे आग विझवली म्हणून पक्षी मरणाला टेकला.

आणि तेवढ्यात बाबांनी हात वर केला. "गप्प. ऐका."

मला काही कळलं नव्हतं, मी बोलत होते. बाबांनी बोट उजवीकडे केलं. आणि मग आम्हाला सगळ्यांनाच ऐकू आलं, ठसठशीत, भरलेलं, वर वर चढत जाणारं, चिप चिप चिप चुई-चुई-वी! वॉर्बलर असून याचा आवाज बारीक नाही, खालच्या पट्टीतला आणि दणदणीत, पाव मैलावरून ऐकू येतो. गाइड हसून म्हणाली हो, तोच. बाबांनी माझ्याकडे बघितलं, परत गाणं आलं, बाबांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा मला येतो. हा मला पूर्ण ऐकू येतो." मला रडू आलं, मी दुर्बीण डोळ्याला लावली पण काच धूसर.

तो एका पाइनच्या शेंड्यावर आला, पंचवीसेक पावलांवर. गाइडनं स्कोप लावून दिला, आई आधी, मग बाबा. पाठ निळसर राखाडी, त्यावर काळ्या रेघोट्या, पोट लिंबापेक्षा गडद पिवळं, कुशीवर काळे ठिपके ओळीनं, डोळ्याच्या वर आणि खाली पांढरा अर्धा अर्धा चंद्र. गाताना मान मागे टाकतो, चोच आभाळाकडे, आणि अख्खं अंग थरथरतं. गाणं संपलं की शेपटी खालीवर, खालीवर, हे सारखं शेपूट हलवणं ही त्याची खूण. वजन चौदा ग्रॅमच्या आसपास. आईनं लगेच हिशोब केला, "सव्वा तोळा." सव्वा तोळ्याचा जीव बहामाहून सव्वादोन हजार किलोमीटर उडून येतो आणि नेमक्या या वाळूत उतरतो. स्मिथसोनियन संस्थेच्या लोकांनी बहामात पक्ष्यांना चिमुकले रेडिओ टॅग लावून तेच पक्षी इथे मिशिगनमध्ये परत शोधून काढलेत.

बहामात हा काय खातो ते मुलानं विचारलं आणि उत्तर ऐकून बाबा जे चमकले ते मी विसरणार नाही. फळं खातो, त्यातलं महत्त्वाचं एक म्हणजे तिथलं वाइल्ड सेज, लँटाना इनव्होलुक्राटा. लँटाना! म्हणजे आपल्या घाणेरीची चुलत बहीण. बाबांच्या नोकरीतली किती वर्षं घाणेरी उपटण्यात गेलीत. आपल्याकडे ती बाहेरून आलेली, रान गिळणारी, तिथे मात्र ही जात मूळची, आणि मार्चमध्ये पाऊस चांगला झाला तर फळ धरतं, पक्षी पोटभर खाऊन वेळेवर निघतात, कोरडं गेलं तर उशिरा पोचतात. आणि ही झुडपं कुठे माजतात? रान साफ करून सोडलेल्या जमिनीवर, आणि एल्युथेरा बेटावर तर शेळ्या चरून गेलेल्या जागी, शेळ्या बाकीचं खातात आणि ही झुडपं ठेवतात.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आग, घाणेरी आणि शेळ्या. जन्मभर मी या तिघांशी भांडलो." मी म्हटलं, मग तुम्हाला काय वाटतं? तर म्हणाले, "इथलं इथं, तिथलं तिथं. आपल्या डोंगराला बी बंद ठेवणारं झाड नाही. आपलं रान आगीची वाट बघत नाही, इथलं बघतं. हे ज्याला कळतं त्यानंच काडी हातात घ्यावी." मला वाटतं गाइडनं दोन तासांत जे सांगितलं त्यातलं मर्म याच्यात आलं, मी तिला इंग्रजीत करून सांगितलं, तिनं वहीत लिहून घेतलं.

दुपारी हार्टविक पाइन्समध्येच फिरलो. तिथे ४९ एकर जुनं व्हाइट पाइन शिल्लक आहे, तीनशे वर्षांपूर्वीची झाडं, वर बघताना टोपी पडते. एकोणिसाव्या शतकात अख्ख्या राज्यातलं असलं रान तोडून नेलं, तोडल्यानंतरच्या पाल्यापाचोळ्यात भयंकर आगी लागल्या, आणि त्या जळितांवर जॅक पाइन उगवून बहुतेक त्याच काळात, १८८०-९० च्या सुमाराला, कर्टलँड सर्वांत जास्त होता. आई या झाडांखाली बाकावर अर्धा तास बसून राहिली, तिला उठायचंच नव्हतं.

रात्री मोटेलवर चहाचं पाणी उकळलं तेव्हा बाबांनी एक कप उकळतं पाणी मागून घेतलं आणि गाइडनं दिलेलं ते फळ त्यात बुडवलं. अर्ध्या मिनिटात पाण्यावर डिंकाची चकचकीत साय आली, पाइनचा वास खोलीभर. खवल्यांच्या कडेला टिक टिक असा बारीक आवाज, तो मुलानं ऐकला. मग ते काढून टिश्यू पेपरवर, हीटरच्या वरच्या फळीवर ठेवलं.

दिवस चौथा, सोमवार

सकाळी उठलो तर फळ फुललेलं. लाकडाचं फूल म्हणा, खवले सगळे बाहेर वळलेले, आणि टिश्यूवर बिया. काळसर, तिळापेक्षा किंचित मोठ्या, प्रत्येकीला कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक पंख. बाबांनी आणि मुलानं मिळून मोजल्या, सत्तावीस. बाबांनी चिवड्याच्या पिशवीतला कागद घेऊन पुडी बांधली.

मायो गावात गेलो, तिथे या पक्ष्याचं स्मारक आहे, १९६३ सालचं, फोटो काढले. ऑ सेबल नदीवर थोडं थांबलो, स्वच्छ पाणी, तळाची वाळू दिसते, नावातच वाळू आहे, फ्रेंचमध्ये. मग मॅक लेककडे.

मॅक लेकचं मी बाबांना आधी सांगितलं नव्हतं, तिथे उभं राहून सांगितलं. ५ मे १९८०. याच पक्ष्यासाठी वनखात्यानं थोडंसं रान मुद्दाम पेटवलं होतं, कोवळं रान तयार व्हावं म्हणून. वारा फिरला, आग रस्ता ओलांडून सुटली, आणि काही तासांतच हजारो एकर, शेवटी सुमारे २४ हजार एकर जळालं. ४४ घरं गेली. आग अडवायला गेलेला वनखात्याचा एक तरुण कर्मचारी त्यात गेला.

बाबांनी चपला-बूट काढतात तसं डोक्यावरची टोपी काढली. "वय काय होतं?" म्हटलं, तीसही नव्हतं. ते रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे होते. आईनं मला खुणेनं सांगितलं, राहू दे त्यांना.

त्याच जळितावर पुढे जॅक पाइन आपसूक उगवलं, इतकं मोठं सलग कोवळं रान या भागात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. पाच-सहा वर्षांनी तिथे कर्टलँड गायला लागले आणि १६७ वर अडकलेला आकडा १९९० नंतर भराभर चढला, २००१ मध्ये हजारावर गेला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीतून काढला, तेव्हा दोन हजारांवर जोड्या होत्या. पण आता आग लावून नाही करत. मोठं झालेलं जॅक पाइन तोडायचं, लाकूड विकायचं, त्या वाळूत चर मारून लाखो रोपं लावायची, मध्ये मध्ये मोकळ्या जागा सोडायच्या, साधारण पन्नास वर्षांचं चक्र. आम्ही काल बघितलेलं ते "नर्सरी" वाटणारं रान हातानं लावलेलंच होतं. हे एक वर्ष थांबलं तरी पुढे कुठेतरी पक्ष्याला जागा कमी पडणार. यादीतून नाव काढलं म्हणजे काम संपलं असं नाहीये, आणि मला हेच सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं, की हा पक्षी आहे कारण कोणीतरी दर वर्षी लावतंय, मोजतंय, राखतंय.

बाबांनी मला विचारलं, इथे बी टाकलं तर चालेल का, नियमात बसतं का. बी इथलंच, झाड इथलंच, मला त्यात काही वाईट दिसेना. रस्त्याच्या कडेला नुकतीच उकरलेली मोकळी वाळू होती, गवत नसलेली. बाबा उकिडवे बसले, पुडी उघडली, मुलाच्या हातावर निम्म्या बिया दिल्या. "पुरायचं नाही, नुसतं भुरभुरायचं. आग विझल्यावर पडतं तसं." वारा होता, दोन-तीन बिया पंखावर गरगरत लांब गेल्या. बाकीच्या वाळूत बसल्या. बाबांनी त्यावर तळहात हलकासा दाबला, आपण वाफ्यात मेथी पेरल्यावर दाबतो तसा.

लांब कुठेतरी तो परत गायला. बाबांनी मुलाला विचारलं नाही, मान वळवून सरळ त्या दिशेला बघितलं.

मग हात झटकले, टोपी घातली, आणि गाडीकडे वळता वळता मला म्हणाले, "गाडीत चिवडा उरलाय का बघ. याला भूक लागली असेल."